आमचं सूर्यफाटक

आमच्या घरातली सगळी संकटं ‘त्यात काय एवढं’ या वाक्यानं सुरू होतात, आणि ते वाक्य नेहमी मीच बोललेला असतो. स्वयंपाकघरातल्या नळाची चकती बदलताना मी ते बोललो होतो. (जवळच अख्खा कळंबा तलाव असताना आम्हाला घरात वेगळ्या तलावाची काही गरज नव्हती, पण झाला.) टीव्हीचा अँटेना सरळ करायला गच्चीवर चढताना बोललो होतो. आणि नव्व्याण्णव साली, पाऊस उघडल्यावर फाटकाचा विषय निघाला, तेव्हाही मी चहाचा कप खाली ठेवून तेच बोललो.

कोल्हापूरला लागून कळंब्याला आम्ही नवीन घर बांधलं होतं. रंग झाला होता, वास्तुशांत झाली होती, नातेवाईक येऊन नावं ठेवून गेले होते. राहिलं होतं फक्त फाटक. कंपाउंडच्या दोन खांबांच्या मध्ये आम्ही तात्पुरते दोन बांबू आडवे बांधले होते. माणसं त्या बांबूंना मान द्यायची. समोरच्या हंबीररावांची म्हैस द्यायची नाही. तिचं नाव गुणी. हे नाव तिला कुणी आणि का दिलं हे मला आजतागायत कळलेलं नाही. रोज सकाळी हंबीरराव धार काढून मोकळे झाले की गुणी आमचे बांबू मानेनं बाजूला सारायची, आत यायची आणि महानंदानं लावलेला कढीपत्ता खाऊन, वाटेत एक मोठी आठवण ठेवून परत जायची.

महानंदा म्हणजे माझी बायको. तिचं म्हणणं साधं होतं. माझा शाळेतला दोस्त शिवशरण, त्याचं उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं शॉप आहे. त्याला सांगावं, त्यानं फाटक करून आणून बसवावं, संपला विषय.

मी म्हणालो, “त्यात काय एवढं? फाटक मी स्वतः करतो.”

हे ऐकून ती हसली नाही, हेच वाईट झालं. ती हसली असती तर मीही हसलो असतो आणि विषय तिथंच मिटला असता. तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, “खरंच जमंल तुम्हाला?” त्या आवाजात थोडीशी आशा होती. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोच्या आवाजात आशा ऐकू आली की माणूस काहीही करतो.

आता ही आशा कुठून आली ते सांगायला हवं. माझे सासरे गुरुपाद हे गडहिंग्लजच्या पलीकडचे, अगदी कर्नाटकाच्या शिवेवरचे. घरात निम्मी कानडी, निम्मी मराठी. त्यांचा एक आवडता शब्द होता, ‘भाळ छलो’. म्हणजे फार उत्तम. चहा आवडला की भाळ छलो. एस्टीत खिडकीजवळ जागा मिळाली, भाळ छलो. आमच्या वास्तुशांतीला आचाऱ्यानं केलेली आमटी भाळ छलो, गवंड्यानं केलेला गिलावा भाळ छलो, आणि समोरून जाणारी हंबीररावांची म्हैससुद्धा भाळ छलो. फक्त मला उद्देशून हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नव्हता. उलट ते आमच्याकडे यायचे तेव्हा पिशवीत पक्कड आणि पाना घेऊनच यायचे. आल्या आल्या पाणी प्यायचे आणि काही न बोलता गळका नळ, कुकरचा दांडा, पंख्याचं बटण असं सगळं दुरुस्त करत घरभर हिंडायचे. मी मागून हिंडायचो. एकदा स्टुलावरून खाली उतरताना ते माझ्या सासूबाईंना, म्हणजे बसम्मांना, कानडीत काहीतरी म्हणाले. महानंदाला अर्थ विचारला तर ती म्हणाली, “काय न्हाई. ह्या घरात गडीमाणूस एकच हाय म्हणाले.” मला बरं वाटलं. मग ती म्हणाली, “म्हणजे मी.”

(मी सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून आहे. फाटकाच्या आधी माझ्या हातात आलेलं सगळ्यात जड हत्यार म्हणजे पंचिंग मशीन. सासऱ्यांचं फारसं चुकलं नव्हतं.)

दिवाळीच्या पाडव्याला सासू-सासरे येणार होते. मी ठरवलं की त्यांनी दारात पाऊल ठेवायच्या आधीच त्यांना माझ्या हातचं काम दिसलं पाहिजे आणि तो शब्द निघाला पाहिजे. आणि मी मागे फिरू नये याची व्यवस्था महानंदानं केली. तिनं एसटीडी बूथवरून माहेरी फोन लावला आणि अप्पांना सांगून टाकलं की ह्यांनी स्वतःच्या हातानं फाटक केलंय. ‘करणार आहेत’ नव्हे, ‘केलंय’. तोपर्यंत मी लोखंडाचा तुकडासुद्धा घरात आणलेला नव्हता. पण ती बूथमधून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा असा काही फुलला होता की तिला खोटं पाडायचा धीर मला झाला नाही.

शिवशरणकडे गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं, शॉपमधल्या चार माणसांना जवळ बोलावलं आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. सगळ्यांचं हसून झाल्यावर त्यानं मला रॉड कसा धरायचा ते दाखवलं, एक जुनं वेल्डिंग मशीन टेम्पोत घालून दिलं आणि एकच अट घातली. “गेट तू कर, पर मशीन माझं हाय म्हणून कुठं बोलू नगंस. मला धंदा करायचा हाय.”

पहिल्या रविवारी मी अंगणात मशीन लावलं, काच असलेला मुखवटा तोंडासमोर धरला आणि रॉड लोखंडाला टेकवला. मोठा झगझगाट झाला आणि लगेच गल्लीच्या दोन्ही बाजूंनी आरडाओरडा ऐकू आला. माझं कौतुक चाललंय असं मला वाटलं. मुखवटा काढून बघतो तर हंबीररावांची बायको चिमणाबाई दारात उभी, आणि तिच्या मागे निम्मी गल्ली.

“साहेब, काय लावलाय ह्यो?” चिमणाबाई म्हणाली. “मी टीव्ही बघालतो. तुम्ही तिकडं चुर्र केलासा की आमच्यातलं चित्र आक्रसून एवढं एवढं हुतंय.”

माझ्या मशीननं गल्लीतली सगळी वीज ओढून घेतली होती. दिवे मिणमिणत होते, मिक्सर रडत होते, आणि क्रिकेटचा सामना रंगात आला असताना कुणाचा तरी टीव्ही बंद पडला होता. शेवटी तडजोड झाली. बघण्यासारखं काही नसेल तेव्हा मी वेल्डिंग करावं. त्या काळी केबल नुकतंच आलं होतं, त्यामुळे बघण्यासारखं काही नाही असा वेळ फारच थोडा असे. मी त्या थोड्या वेळात भराभर रॉड जाळत होतो.

वेल्डिंगमध्ये दोन लोखंडं एकमेकांना जोडायची असतात. मला ती दोन सोडून बाकी सगळं जोडता येत होतं. रॉड लोखंडाला चिकटायचा. मी ओढायचो, मशीन घुरघुरायचं, रॉड लालबुंद व्हायचा आणि शेवटी शेपटीसारखा तिथंच राहायचा. महानंदाची सांडशी मी फाटकाला जोडली. हातोडी जोडली. त्यात मला लोखंड ठेवायला उंच जागा हवी होती म्हणून मी आतली लोखंडी कॉट अंगणात आणली होती. ही कॉट साधीसुधी नव्हे, लग्नात सासऱ्यांनी दिलेली. संध्याकाळी फाटकाची एक झडप उचलायला गेलो तर कॉटही बरोबर उठली.

महानंदा ओट्यावरून बघत होती. ती म्हणाली, “अप्पा झोपणार कशावर? फाटकावर?”

मी हातोडी घेतली (दुसरी, शेजाऱ्यांची) आणि जोडावर एक घाव घातला. एकाच घावात कॉट आणि फाटक वेगळं झालं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. खरं तर मला तेव्हाच काहीतरी कळायला हवं होतं. पण आनंदाच्या भरात माणूस विचार करत नाही, आणि मी तर एरवीही करत नाही.

काचेतून काही दिसत नाही म्हणून मी मुखवटा जरा बाजूला करून बघत असे. त्याचा व्हायचा तो परिणाम झाला. एके सकाळी उठलो तर डोळ्यांत कुणीतरी वाळू भरल्यासारखं होत होतं आणि पाणी थांबेना. चिमणाबाईनं येऊन बटाट्याच्या चकत्या बांधायला सांगितल्या. महानंदानं त्या बांधल्या, आणि उरलेल्या बटाट्यांची भाजी केली. मी तसाच काळा चष्मा लावून कचेरीत गेलो. साहेबांनी जवळ बोलावून, घरी सगळं ठीक आहे ना, बायकोशी भांडण वगैरे नाही ना, असं हळूच विचारलं. मी म्हणालो, फाटक करतोय. त्यांचा विश्वास बसला नाही.

तर फाटक. एक मोठी झडप गाडीसाठी आणि शेजारी एक लहान झडप माणसांसाठी, असा माझा बेत होता. (आमच्याकडे गाडी नव्हती, स्कूटर होती. पण फाटक झालं की गाडी मागोमाग येते असं मी महानंदाला सांगितलं होतं.) मोठ्या झडपेला साध्या उभ्या सळ्या लावल्या. ती उष्णतेनं पापडासारखी थोडी वाकली, पण लांबून बघितलं तर नक्षीच वाटायची. खरी कला मी लहान झडपेवर करणार होतो. तिच्यावर मला मोर हवा होता, पिसारा फुलवलेला.

मोराचं धड चांगलं झालं. पिसारा मात्र जड व्हायला लागला आणि झडप एका बाजूला कलायला लागली. म्हणून मी पिसारा थोडा कमी केला. मग आणखी थोडा कमी केला. शेवटी तोल साधला तेव्हा पिसाऱ्याच्या पाचच बोटभर काड्या उरल्या होत्या. तरी मोर ओळखू यावा म्हणून मी डोक्यावरच्या तुऱ्याला झकास लाल रंग दिला आणि झडप वाळायला रस्त्याकडेच्या भिंतीला टेकवून ठेवली.

दुपारी एक जीप येऊन थांबली. कागलची मंडळी होती. त्यातले एक फेटेवाले खाली उतरले, त्यांनी माझ्या मोराकडे बघितलं आणि मला विचारलं, “पावणं, ताट किती वाजता चालू हुतंय?”

मी म्हणालो, कसलं ताट?

“चिकनचं. का नुसतं मटण असतंय? रस्सा दोन्ही मिळंल नव्हं?”

मी शांतपणे सांगितलं की ही खानावळ नाही, हे घर आहे, आणि लिंगायताचं घर आहे. आमच्या सात पिढ्यांत कुणी अंडं फोडलेलं नाही. फेटेवाल्यांनी पुन्हा एकदा झडपेकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. “मग दारात कोंबडी कशाला टांगलीया?” ते म्हणाले, आणि नाराज होऊन जीपमध्ये बसले.

मी कुणाला सांगणार नव्हतो. पण संध्याकाळी गल्लीतले दोघे डबे घेऊन रस्सा मागायला आले, आणि महानंदानं ते ऐकलं. ती बाहेर आली आणि झडपेसमोर उभी राहिली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“अप्पा गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याबिगर पाणी पीत न्हाईत,” ती म्हणाली. “हे बघितलं तर दारातनंच माघारी एस्टीला जातील. आणि मी त्यांना फोनवर काय काय सांगून बसलोय.”

(कोल्हापुरात बायका ‘बसलेय’ म्हणत नाहीत, ‘बसलोय’ म्हणतात. महानंदा लग्न होऊन आल्यावर पहिल्यांदा हेच शिकली.)

मला खरोखर वाईट वाटलं. आपली फजिती झाली तर चालते, तिची सवय असते. पण आपल्या भरवशावर कुणी फुशारकी मारली आणि ती फुकट चालली, हे बघवत नाही. मी म्हणालो, “त्यात काय एवढं? मोर काढून टाकतो. सूर्य करतो.” या वेळी मात्र ते बोलताना माझी जीभ जरा अडखळली.

मोर काढायला काही कष्ट पडले नाहीत. दोनदा हलवला, आला. त्या जागी मला गोल हवा होता, पण माझ्या हातून सळई वाकवून कधी गोल झालेला नव्हता, भोपळा व्हायचा. तेव्हा मी माळ्यावरून माझी कॉलेजातली सायकल काढली, तिच्या पुढच्या चाकाच्या तारा काढल्या, तडकलेली रिम सांधली आणि ती झडपेच्या मध्यभागी लावली. भोवती सळ्यांचे किरण लावले. आतमध्ये डोळे, नाक आणि भरदार मिशा असलेला सूर्याचा चेहरा करायचा होता. पण दिवाळी दारात आली, चेहरा राहिला, आणि रिमच्या आत एक मोठं गोल भोक तसंच उरलं. मी सगळ्यावर चंदेरी रंगाचा जाड हात मारला. चंदेरी रंगाखाली कुठल्याही माणसाचं वेल्डिंग सारखंच दिसतं.

पाडव्याच्या सकाळी खांबांना बिजागऱ्या जोडून फाटक उभं केलं. आणि खरं सांगतो, ते छान दिसत होतं. उन्हात सूर्य चमकत होता. महानंदानं फाटकाला हळदीकुंकू लावलं, सूर्याच्या किरणांवर झेंडूच्या माळा सोडल्या आणि माझ्याकडे बघून हसली. इतक्या दिवसांचे भाजलेले हात आणि सुजलेले डोळे मी त्या क्षणी विसरलो. शिवशरणनं पाठवलेल्या मशीनवर मी एक चादर टाकली, अट पाळायची म्हणून.

समोर हंबीररावांच्या दारातही गडबड होती. पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवतात. गुणीला साबण लावून धुतली होती, शिंगं रंगवली होती, शिंगांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ आणि पाठीवर हंबीररावांचं नाव. गुणी दर पाडव्याला पळते. हंबीरराव मोटारसायकलचा सायलेन्सर काढून फाडफाड आवाज करत पुढे निघतात आणि गुणी त्या आवाजामागे जीव तोडून धावते. वर्षभर तिला दुसरं काही शिकवलेलं नाही.

एवढ्यात सासू-सासरे आले. सासूबाईंच्या हातात डब्यांची पिशवी, सासऱ्यांच्या खांद्यावर शेतातल्या उसाची मोळी. मी पुढे होऊन फाटक उघडलं. (लहान झडप. मोठी उघडायला दोन माणसं लागत होती.) सासऱ्यांनी मोळी आत भिंतीला टेकवली, फाटकाच्या अगदी जवळ. मी झडप लावून घेतली. मग ते फाटकाकडे वळले, त्यांनी चष्मा पुसला आणि फाटक निरखायला सुरुवात केली.

ते सावकाश खालून वर बघत गेले. सळ्यांवरून हात फिरवला. सूर्याच्या किरणाला नख लावलं. पिशवीतली पक्कड पिशवीतच होती, हे मी बघून ठेवलं होतं. महानंदा माझा सदरा मागून घट्ट धरून उभी होती.

“हे तुम्ही केलासा?” सासरे म्हणाले.

मी मान हलवली.

“स्वतः?”

“स्वतः,” महानंदा म्हणाली.

सासऱ्यांनी बसम्मांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर मला बघून काहीतरी मऊ आलं. त्यांनी तोंड उघडलं.

“भाळ,” ते म्हणाले.

आणि त्याच क्षणी सूर्याला चेहरा आला. मोठ्ठा, काळा, ओल्या नाकाचा, आणि कवड्यांची माळ घातलेला. गुणीनं ऊस बघितला होता. भोकातून मान घालून तिनं निवांतपणे एक कांडं ओढून चावायला घेतलं. तिची शिंगं मागे वळलेली, त्यामुळे आत शिरताना ती रिममधून अलगद सरकली. आता बाहेर काढताना ती अडकणार हे सासऱ्यांना कळलं, महानंदाला कळलं, सासूबाईंना कळलं. मी मात्र सूर्याला चेहरा किती शोभतोय हे बघत होतो.

सासऱ्यांनी पुढे होऊन तिची मान धरायचा प्रयत्न केला. पण समोर हंबीररावांनी, मागे न बघताच, मोटारसायकलला किक मारली. फाडफाडफाड आवाज झाला. गुणीनं ऊस टाकला आणि वर्षभर जे शिकली होती ते केलं. टक् आणि टक् असे दोन बारीक आवाज झाले, माझ्या दोन बिजागऱ्यांचे. आणि आमचा सूर्य, किरणांसकट, झेंडूच्या माळांसकट, गुणीच्या गळ्यात बसून रस्त्याला लागला.

पुढे मोटारसायकल, मागे फाटक घातलेली म्हैस, तिच्या मागे मी, माझ्या मागे धोतराचा सोगा हातात धरलेले सासरे, आणि त्यांच्या मागे महानंदा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. लोक शिट्ट्या मारत होते, फटाके लावत होते. मला वाटलं कुणीतरी म्हैस अडवेल. पण लोक टाळ्या वाजवत होते. एकानं तर पळता पळता माझ्याही कपाळाला गुलाल लावला.

गुणी थांबली ती मैदानावर, जिथं तरुण मंडळाचा मांडव होता आणि सगळ्या सजवलेल्या म्हशी जमल्या होत्या. मी धापा टाकत पोहोचलो तेव्हा ध्वनिक्षेपकावरून घोषणा चालू होती. म्हशीच्या गळ्यात चांदीचा सूर्य घालायची कल्पना आजवर कुणाच्या डोक्यात आली नव्हती, असं निवेदक पुन्हा पुन्हा सांगत होता. सजावटीचा पहिला नंबर हंबीररावांच्या गुणीला. हंबीररावांना स्वतःलाही तेव्हाच पहिल्यांदा मागे वळून बघायची संधी मिळाली. ते गुणीकडे बघत राहिले. मग त्यांनी लगेच फेटा नीट केला आणि ढाल घ्यायला पुढे झाले.

गुणीला गुळाचा खडा द्यायला कुणीतरी हात पुढे केला. तिनं मान खाली घातली, डोकं जोरात झटकलं, आणि माझं फाटक सुटलं. एकदम नव्हे. आधी एक किरण पडला, मग दुसरा, मग चौकट, आणि शेवटी रिम सांध्यातून उघडून खाली पडली आणि गोल गोल फिरत सासऱ्यांच्या पायाशी येऊन थांबली. गुणीच्या मानेवर एक ओरखडासुद्धा नव्हता. ती गूळ चघळत होती.

सासरे वाकले. त्यांनी एक किरण उचलला, चष्मा वर करून त्याचं टोक बघितलं, जिथं माझा जोड होता. बोटानं दाबून बघितलं. चंदेरी पापुद्रा गळून पडला आणि आत काहीच नव्हतं. मला जमीन दुभंगेल तर बरं असं वाटलं. महानंदा माझ्या शेजारी उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. रडतेय असं वाटून मी तिच्याकडे बघितलं तर ती तोंडाला पदर लावून हसत होती. इतकं की तिच्यानं उभं राहवेना.

हंबीरराव ढाल बगलेत मारून आले. आता भांडण होणार म्हणून मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. पण त्यांनी गुणीची मान चाचपली आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. त्यांचे डोळे भरले होते.

“साहेब, तुमचं उपकार झालं,” ते म्हणाले. “हे गेट जर का पक्कं असतं, तर माझ्या म्हशीची मान तिथंच मोडली असती की ओ.”

सासऱ्यांनी मान डोलवली. त्यांनी हातातला किरण पुन्हा एकदा उलटासुलटा करून बघितला, गुणीकडे बघितलं, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

“खरं हाय,” ते म्हणाले. “जावईबापू, वेल्डिंग भाळ छलो.”

ज्या शब्दासाठी मी डोळे जाळून घेतले तो मला असा मिळाला. पण मिळाला हे खरं, आणि घरी येईपर्यंत महानंदानं तो मला तीनदा म्हणून दाखवला. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी पिशवीतली पक्कड काढली, कॉटचा सैल झालेला पाय घट्ट केला, दोन बांबू पुन्हा आडवे बांधले आणि शिवशरणचा पत्ता मागितला. त्याचं फाटक पुढच्याच महिन्यात आलं. त्यावर नक्षी नाही, भोक नाही, आणि गुणीनं दोनदा धडक देऊनही ते हललेलं नाही.

वेल्डिंग मी त्यानंतर सोडलंच असतं. पण अजूनही दिवाळी जवळ आली की हंबीरराव एक जुनी रिम खांद्याला अडकवून दारात येतात. गुणीसाठी सूर्य हवा असतो. एकदा मी त्यांना म्हणालो, अहो, हे काम शिवशरणकडून करून घ्या, तो माझ्यापेक्षा चांगलं करतो. हंबीररावांनी घाईघाईनं हात जोडले.

“नगं साहेब, तुमीच करा,” ते म्हणाले. “दुसऱ्याचं सुटत न्हाय.”